आप्पाचं बोट

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला, टांगलेल्या कोटांच्या रांगेपलीकडे, एक टेबल होतं. टेबलावर वाकड्या मानेचा दिवा आणि दिव्याखाली अक्का. बत्तीस वर्षं ती तिथे रफू करत होती. कसरीनं खाल्लेली शाल, सिगारेटच्या ठिणगीनं जळलेली बाही, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, सगळं तिच्यापुढे येई. कापडाच्या आतल्या दुमडीतून ती धागे उपसून काढी आणि त्याच धाग्यांनी भोकावर उभं-आडवं विणत जाई. काम संपलं की कापड दिव्यासमोर धरून स्वतःलाच विचारी, ‘कुठे होतं?’ सापडलं नाही तरच कापड पुढे जाई. गिऱ्हाइकं कौतुक करत नसत. कौतुक करायला काही दिसतच नसे.

तिच्या डाव्या हाताला, एका स्टुलावर, आप्पा बसे. आप्पा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सेहेचाळीस वर्षांचा, सहा फूट उंच, कानशिलांवर पिकलेला. दोन वर्षांचा असताना हात पोटावर बांधून म्हाताऱ्यासारखा गंभीर बसायचा, म्हणून वडील थट्टेनं त्याला आप्पा म्हणायला लागले. पुढे तो बोलेना, बोलला तर चार शब्दांच्या पलीकडे जाईना, शाळेनं दोनदा घरी पाठवला, आणि घरातली थट्टा विरून गेली. नाव तेवढं उरलं.

आप्पाचं काम हँगर निवडायचं. लाकडी एकीकडे, तारेचे एकीकडे. त्यात तो कधी चुकत नसे. वाफेच्या ढगात उभा असलेला इस्त्रीवाला मधूनच ओरडे, “आप्पासाहेब, ऑफिस कसं चाललंय?”

“बरं,” आप्पा म्हणे.

“साहेब रागावतात का?”

आप्पा अक्काकडे बघे, जरा विचार करी आणि म्हणे, “रागावते.” इस्त्रीवाला पोट धरून हसे. हा विनोद दिवसातून चारदा होई आणि चारही वेळा ताजा असे.

आप्पाला लहानपणापासून फिट येत. गोळ्या वेळेवर गेल्या की येत नसत. सकाळी एक पांढरी, संध्याकाळी दोन पिवळ्या. आई होती तोवर आईनं दिल्या, आई गेल्यावर अक्कानं. लग्न, संसार वगैरे गोष्टी तिच्या वाटेला आल्या नाहीत, आणि त्याबद्दल ती कुणापाशी बोलली असेल तर ते कुणी ऐकलं नाही.

मग एका सकाळी आप्पा स्टुलावरून पडला. हँगरांचा ढीग त्याच्या अंगाखाली कडकड मोडला. इस्त्रीवाल्यानं धावत येऊन त्याला कुशीवर वळवलं. सहा वर्षांत पहिली फिट. अक्का म्हणाली, गोळी तर दिली होती. दुसऱ्या दिवशी घरात कपाटाखालून झाडू फिरवला तेव्हा धुळीबरोबर तीन पांढऱ्या गोळ्या बाहेर आल्या. हातावर ठेवताना त्या घरंगळून पडल्या होत्या, आणि तिला दिसल्या नव्हत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला एका मशीनसमोर बसवलं. समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठेही उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ काहीच लुकलुकलं नाही. एवढा वेळ गप्प बसणं बरं दिसणार नाही, असं वाटून तिनं अंदाजानं दोन-चारदा दाबून टाकलं.

“न दिसताच दाबताय तुम्ही,” डॉक्टर कागद बघत म्हणाले. “मशीनला कळतं ते.”

ती ओशाळली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेनं जात होती. मधलं दिसत होतं, म्हणून सुई ओवता येत होती, म्हणून कळलं नव्हतं. आता गेलेलं परत येणार नव्हतं. थेंब घातले तर उरलेलं दोन-तीन वर्षं टिकेल.

घरी येताना आप्पा तिच्या डाव्या बाजूनं चालत होता, आणि डावीकडे बघितल्याशिवाय तो आहे की नाही हे तिला सांगता येत नव्हतं. तेवढ्या रस्त्यात तिनं सगळा विचार करून टाकला. आपण आंधळ्या झालो तर आपलं काहीही होवो. याला गोळी कोण देणार?

एका संस्थेचं निवासगृह होतं. आप्पासारख्या बारा मोठ्या माणसांचं. कुणी गेलं, तरच जागा होई, आणि त्या वर्षी एक जागा होणार होती. संस्थेच्या बाई घरी आल्या. चटपटीत, सरळ बोलणाऱ्या, कामानं दमलेल्या. त्यांनी पिशवीतून एक टॅब्लेट काढला.

“हा आमचा ऑनलाइन वर्ग. मोठ्या माणसांसाठीच केलेला आहे, लहान मुलांचा नाही. चाळीस पाठ आहेत. हात धुणं, कपडे, रस्ता, गॅस, औषधं. पाठ झाला की मशीन आपोआप नोंद करतं. ज्याचे पाठ पुढे, त्याचं नाव आधी. आमच्या हातात काही ठेवलेलंच नाही, वशिल्याला जागा नको म्हणून.”

“आणि निवासात गोळ्या कोण देतं, बाई?”

“ज्याला येत नाही त्याला मावशी हातानं देतात. पण तशा चारच जागा आहेत, त्या भरल्यात. ही जागा स्वतःचं स्वतः करणाऱ्याची आहे. म्हणून तर वर्ग. शिकतात हो, अक्का. वेळ लागतो, पण शिकतात. एक मात्र करा. शेजारी बसा, पण हात लावू नका. त्याचं त्याला करू द्या.”

“हो हो,” अक्का म्हणाली. तिला ते मनापासून पटलंही होतं.

दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा रफूच्या टेबलावर वर्ग भरू लागला. टॅब्लेट उघडला की चष्मेवाली बाहुली हात हलवून म्हणे, “नमस्कार मित्रा! चला, शिकू या!” आप्पा उठून उभा राही आणि बाहुलीला नमस्कार करी. पहिला पाठ हात धुण्याचा. चार चित्रं. नळ, साबण, फेस, टॉवेल. आधी काय, नंतर काय, बोटानं दाखवायचं. बरोबर आलं की सोनेरी चांदणी आणि टाळ्या. चुकलं की करडा ढग पडद्यावर पसरे, ‘टुंग’ असा आवाज होई आणि बाहुली म्हणे, “पुन्हा करून पाहू या!”

आप्पानं टॉवेल दाबला. टुंग. आप्पा दचकला. परत टॉवेल दाबला, कारण टॉवेल त्याला आवडला होता. टुंग. तिसऱ्या ढगाला त्यानं स्वतःच्या कपाळावर तळहात मारून घेतला. चौथ्याला तो रडायला लागला. सहा फुटांचा माणूस, खांदे हलवत, तोंड उघडं टाकून. मग त्यानं टॅब्लेट उचलला आणि धुवायला आलेल्या चादरींच्या गठ्ठ्याखाली सारून ठेवला.

“साहेबांनी मेमो दिला वाटतं,” इस्त्रीवाला म्हणाला, पण हसला नाही.

आठ दिवस हेच. पहिला पाठ पुढे सरकेना. नवव्या दिवशी ढग यायच्या आतच अक्कानं आप्पाचं बोट धरलं आणि नळावर ठेवलं. चांदणी. बोट साबणावर. चांदणी. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि आप्पाच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते तिनं आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. “मी!” तो म्हणाला. “मी!”

आईनं अक्काला अक्षरं अशीच शिकवली होती, हात धरून. मग यात वाईट काय? बोट त्याचंच होतं की.

आधी ती चुकल्यावर धरायची. मग चुकेल असं वाटलं की. मग सुरुवातीपासूनच. तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली ती तिनं बघितली आणि तिला बरंच वाटलं. बाहुलीचा नमस्कार संपला की आप्पा आपणहून उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे काढी, हवेत धरी, आणि शांत वाट बघत बसे. अक्काचा हात येई. बोट जाई. चांदणी. ढगाची भीती गेली. टॅब्लेट बघितला की तो हसू लागला.

कपड्यांच्या पाठात चड्डी-बनियन आधी, शर्ट-पँट नंतर, अशी जोडी लावायची होती. त्या दिवशी आप्पानं बोट मागे ओढलं. त्याला स्वतः करायचं होतं. वीस वर्षं कपड्यांच्या ढिगात बसलेला माणूस तो. बनियनकडे त्याचं बोट हळूहळू निघालंही होतं. पण पडद्याच्या कडेला वेळेची निळी पट्टी सरकत होती, बाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या की दुसऱ्या एकाचे पाठही बरे चाललेत, आणि अक्काला धीर धरवला नाही. तिनं बोट पकडून नेलं. चांदणी आली. आप्पानं टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या चित्राला त्यानं बोट परत हवेत धरलं.

“अक्का,” वाफेतून आवाज आला. “परीक्षा नेमकी कुणाची चाललीय?”

“तू आपली इस्त्री बघ. कुणाचा तरी कोट जाळशील.”

“कोट जळला तर तुम्ही आहातच,” इस्त्रीवाला म्हणाला. “त्याचं काही जळलं तर कोण आहे?”

ती उठली आणि कोटांची रांग थोडी डावीकडे सरकवली, म्हणजे इस्त्रीच्या टेबलावरून इकडचं दिसू नये.

गुरुवारी दुपारी सगळ्यांचा एकत्र वर्ग असे. पडद्यावर आठ चौकोन, आठ चेहरे. एक माणूस नेहमी लोकरीच्या टोपीत असे. बाई काहीही विचारोत, तो प्रत्येक चौकोनाला नाव घेऊन नमस्कार घाली, आणि आठ नमस्कार होईपर्यंत वर्ग थांबे. त्याच्या मागे खुर्चीत त्याची म्हातारी आई बसलेली असे, हात मांडीवर, जणू फोटो काढायला बसलीय.

“आप्पांचे सव्वीस पाठ झाले!” बाई म्हणाल्या. “वाजवा टाळ्या!”

“आमच्याचा अकरावा चाललाय,” टोपीवाल्याची आई पुढे वाकली. “आप्पाची अक्का, तुम्ही करता तरी काय? मला सांगा ना. माझं वय अठ्ठ्याहत्तर झालंय हो, माझ्याकडे वेळ नाही.”

अक्का पडद्याच्या मधोमध बघत राहिली. म्हातारीचा चौकोन खालच्या कोपऱ्यात होता, तो तिला तसाही दिसत नव्हता.

“काही नाही,” ती म्हणाली. “सराव.”

औषधांचा पाठ एकतिसावा. पडद्यावर गोळ्यांची लांबट डबी आली. सात खाने, प्रत्येक खान्याचे दोन भाग, एकावर सूर्य, एकावर चंद्र. आज कोणता वार, आत्ता सकाळ की संध्याकाळ, त्याप्रमाणे खाना उघडायचा. डबी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती, आणि दोन्ही टोकं अक्काच्या नजरेबाहेर. ती मान फिरवून फिरवून खाने शोधत होती. आप्पाचं बोट तिनं नेलं आणि दाबलं. टुंग. परत दाबलं. टुंग. तिसऱ्यांदाही टुंग. त्या पाठात आप्पाच्या नावावर पडलेल्या चुका एवढ्याच, आणि तीनही तिच्या होत्या.

आप्पा रडला नाही. ढग बघून तो अक्काकडे वळला. मोठ्या पंज्यानं तिची पाठ थोपटली आणि बाहुलीच्याच सुरात म्हणाला, “पुन्हा करून पाहू या.”

चाळीस पाठ पाच महिन्यांत संपले. आप्पाला जागा मिळाली.

ज्या दिवशी त्याला पोचवायचं होतं त्या दिवशी अक्कानं त्याच्या प्रत्येक कपड्यावर आतून एक लहानसा निळा टाका घातला, धुण्यात कपडे हरवू नयेत म्हणून. निवासगृह स्वच्छ होतं. भिंतींना फिकट रंग, प्रत्येक खाटेशी एक कपाट, स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर आतल्या वस्तूचं चित्र. दारात उभ्या असलेल्या मावशींनी आप्पाला वरपासून खालपर्यंत बघितलं. “केवढा हो हा उंच! पंखे पुसायला बरा आहे.” आप्पा हसला. पहिले पंधरा दिवस घरच्यांनी यायचं नाही, असा नियम होता. अक्का परत फिरली तेव्हा त्यानं विचारलं, “ऑफिस?”

“ऑफिस बंद आहे,” ती म्हणाली. “सुट्टी.”

दुकानात स्टूल रिकामं पडलं. लाकडी आणि तारेचे हँगर एकात एक अडकून ढीग झाला. तो कुणी सोडवेना. इस्त्रीवाला वाफेतून काही ओरडत नसे. अक्का सुईत धागा ओवी, आणि ओवलेली सुई हातात धरून बसे. आठ दिवस तिला झोप चांगली लागली. हे ती पुढे स्वतःला विसरू देणार नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला.

आप्पाला निवासाच्या न्हाणीघराच्या दारात फिट आली होती. उंबऱ्यावर तोंडावर आपटला. पुढचा दात अर्धा गेला, भुवईवर पाच टाके. अक्का पोचली तेव्हा तो बाईंच्या ऑफिसात खुर्चीत बसला होता, हात पोटावर बांधून. एक डोळा सुजून मिटला होता. अक्काला बघून हसला, आणि तुटक्या दातामुळे ते हसू दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनीच सुरुवात केली, न विचारता.

“ताई, माझी चूक असेल तर सांगा. यादीत लिहिलंय, औषध स्वतः घेतो. रविवारी डबी भरून त्याच्यापुढे ठेवली. तीच ती, सूर्य-चंद्रवाली. रोज सकाळी डबी मांडीवर घेऊन बसायचा, आणि बोट असं पुढे करायचा.” मावशींनी बोट हवेत धरून दाखवलं. “मी म्हटलं, घे की रे बाबा, तुला येतं. तर माझ्याकडे बघून हसायचा. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी म्हटलं, मी नाही हं भुलणार. आणि गेले कामाला. परत यायचे तर बोट तसंच. अर्धा-अर्धा तास, ताई. मग हात दुखला की डबी उशीखाली ठेवून द्यायचा. आज बघितलं तर रविवारपासूनच्या सगळ्या गोळ्या तशाच.”

ऑफिसात पंख्याचा आवाज होता. अक्का आप्पाच्या भुवईवरचे टाके बघत होती. जाड काळा दोरा, ओबडधोबड, दिसेल असा.

“तुम्ही घाबरू नका,” बाई म्हणाल्या. त्यांनी संगणकाचा पडदा अक्काकडे वळवला. “त्याला येतं, हे पक्कं आहे. औषधांच्या पाठात तीनच चुका आहेत, त्याही सुरुवातीच्या. नवी जागा, घरची आठवण, थोडा हट्ट. होतं असं. महिनाभरात रुळेल. मावशी, उद्यापासून जरा दटावून सांगा त्याला. लाड नकोत.”

“आणि नाही घेतली तर?” अक्कानं विचारलं.

“घेईल हो. न येणाऱ्याची गोष्ट वेगळी. ह्याला येतं.”

म्हणजे एवढंच करायचं होतं. गप्प बसायचं. जागा त्याची होती, नोंद त्याची होती, बाई स्वतः सांगत होत्या. मावशी दटावतील. आप्पा बोट धरून बसेल. कुणीतरी एके दिवशी कंटाळून गोळी तोंडात घालेल, किंवा घालणार नाही.

“बाई,” अक्का म्हणाली, “तो टॅब्लेट आहे का इथे?”

“कशाला?”

“द्या जरा.”

बाईंनी कपाटातून काढून दिला. अक्कानं तो आप्पासमोर टेबलावर ठेवला आणि पहिला पाठ उघडला. आप्पाचा उघडा डोळा चमकला. तो धडपडत उठला, बाहुलीला नमस्कार केला, परत बसला.

“आधी काय करायचं, मित्रा?” बाहुलीनं विचारलं. नळ, साबण, फेस, टॉवेल.

आप्पानं बोट पुढे काढलं आणि हवेत धरलं.

अक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

बाहुलीनं दुसऱ्यांदा विचारलं. आप्पानं मान वळवून अक्काकडे बघितलं, बोट थोडं तिच्या दिशेनं सरकवलं, तिला सोपं जावं म्हणून. बाहुलीनं तिसऱ्यांदा विचारलं. बोट थरथरायला लागलं होतं. मावशींनी तोंडाला हात लावला. थोड्या वेळानं पडदा मंद झाला, मग काळा. आप्पाचं बोट त्या काळ्या काचेसमोर होतं तिथेच होतं.

“चाळीसच्या चाळीस?” बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

“कपड्यांचा त्याला येत होता,” अक्का म्हणाली. “मीच करू दिला नाही.”

बाईंनी संगणकाचा पडदा परत आपल्याकडे वळवला. त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी तुम्हाला सांगितलं होतं, अक्का. हात लावू नका म्हणून.”

“हो.”

“ती म्हातारी दर गुरुवारी मला विचारते, आमचं कुठे चुकतंय म्हणून. तिचा मुलगा सोळा पाठांवर आहे. सोळाच्या सोळा स्वतः केलेत त्यानं. एकेका पाठाला नमस्कार घालत.” त्यांनी डोळे चोळले. “मी काय सांगू तिला?”

“मी सांगते.”

“तुम्ही नका सांगू काही.”

“बाई, मावशी ज्यांना हातानं देतात त्या चार जागांत...”

“त्या भरल्यात. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आप्पांचं खातं पुसावं लागेल. नाव यादीत शेवटी. पाठ पहिल्यापासून.”

“मग जागा परत कधी?”

“कुणी गेलं की,” बाई म्हणाल्या.

मावशींनी टॅब्लेट आणि आप्पाचे कपडे पिशवीत भरून दिले. सगळे होते, निळा टाका बघून बघून त्यांनी एकेक काढले होते. फाटकापर्यंत त्या सोबत आल्या. “बोट कशासाठी धरतो, एवढं जरी मला कुणी सांगितलं असतं ना, ताई,” त्या म्हणाल्या.

रस्त्यानं अक्कानं आप्पाचा हात धरला होता. पूर्वी ती त्याला धरून नेई. आता उजवीकडून येणारी सायकल आप्पानंच आधी बघितली आणि तिला मागे ओढलं. रस्त्याचा पाठ बाविसावा होता. त्यात तिनं त्याचं बोट नऊ वेळा धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्टुलावर येऊन बसला आणि हँगरांचा ढीग बघून “अरे अरे अरे” म्हणाला. इस्त्रीवाल्यानं त्याचा तुटका दात बघितला, भुवई बघितली, अक्काकडे बघितलं.

“आप्पासाहेब,” तो म्हणाला, “सुट्टी संपली का?”

“संपली.”

“साहेब रागावतात का?”

आप्पानं अक्काकडे बघितलं, जरा विचार केला. “नाही,” तो म्हणाला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पुढच्या गुरुवारी पडद्यावर सातच चौकोन होते. आप्पाच्या रिकाम्या झालेल्या जागेवर टोपीवाला निवासात गेला होता. एवढ्या गर्दीत रोज किती नमस्कार पुरवत असेल कोण जाणे. त्याच्या आईचा फोन नंबर अक्कानं सुईदाणीखाली चिठ्ठीवर लिहून ठेवला. तो तिनं लावला नाही. चिठ्ठी मात्र फेकलीही नाही.

त्याच दुपारी तिनं पहिला पाठ परत उघडला. थेंब दिवसातून तीनदा घालूनही नजर आणखी आत सरकली होती. आता समोर एका बशीएवढं जग उरलं होतं. बाहुलीनं नमस्कार केला, आप्पानं केला. नळ, साबण, फेस, टॉवेल. बोट हवेत.

तिचे हात आपोआप उठले. तिनं ते मांडीखाली दाबून धरले. तरी समोर बोट होतं, वाट बघत, आणि ते बघत बसणं तिच्यानं होईना. पाच मिनिटं झाली. पडदा काळा झाला, तिनं परत उजळला. परत बोट. आप्पा म्हणाला, “अक्का?” मग त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट शोधलं आणि मांडीखालून ओढून काढायला लागला, प्रेमानं, पण जोर लावून.

तेव्हा अक्कानं हात सोडवून घेतला आणि खुर्ची वळवली. तोंड कोटांच्या रांगेकडे केलं. एवढं वळलं की आप्पा तिच्या नजरेच्या कडेबाहेर जाई, आणि त्या कडेपलीकडे तिच्यापुरतं आता काहीच नव्हतं. आप्पा नाही, बोट नाही, टेबल नाही. समोर फक्त एका काळ्या कोटाची बाही, कोपराशी तिनं कधीतरी रफू केलेली. कुठे, ते तिला सापडत नव्हतं.

मागे बाहुली विचारत होती. एकदा. दोनदा. आप्पाचा श्वास ऐकू येत होता, जड, तुटक्या दातातून शीळ घातल्यासारखा. इस्त्रीची वाफ थांबली होती. पलीकडे इस्त्रीवालाही ऐकत उभा असावा.

“अक्का,” आप्पा म्हणाला. “अक्का. अक्का.”

ती वळली नाही.

बराच वेळ काही नाही. मग टुंग.

त्याच्यामागून कपाळावर बसलेल्या तळहाताचा आवाज, टाक्यांवरच बसला असणार. अक्कानं डोळे घट्ट मिटले. टॉवेलच दाबला असेल यानं, तिनं मनात म्हटलं. तो रडायला लागला. जन्मभराच्या ओळखीतलं ते रडणं, खांदे हलवणारं, तोंड उघडं टाकून. ती खुर्चीच्या कडा धरून बसली. हात त्याचा, बोट त्याचं, ढगही त्याचाच. तो ढग तरी आता त्याच्याकडून घ्यायचा नव्हता.

रडणं ओसरलं. नाक ओढल्याचा आवाज आला.

मग परत, टुंग.